गाढीकाठचं पनवेल

कोकणात जाणारे आणि पुण्याला जाणारे, दोघेही पनवेलवरून जातात. पनवेलला म्हणून फार थोडे येतात. एसटी स्थानकावर चहा घ्यायचा आणि पुढची गाडी धरायची, एवढीच बहुतेकांची या गावाशी ओळख. खरं तर जुन्या पनवेलमध्ये एक दिवस पायी फिरावं.

पनवेल मुळात बंदर. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी खाडीतून येऊन इथे उतरायचा आणि गाडी करून घाटाकडे निघायचा. भात आणि मीठ यांचा व्यापारही याच खाडीवर चालायचा. इथे घडलेली बैलगाडीची चाकं तेव्हा नावाजलेली होती. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, पण कर्जतमार्गे! पनवेल बाजूला पडलं, बंदराची वर्दळ ओसरली. मात्र त्या भरभराटीच्या काळाच्या खुणा गल्लीबोळांत अजून सापडतात. इथे १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ चा.

त्याहून जुनं आहे बेथ एल सिनेगॉग, १८४९ चं. कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगावी ते 'शनिवार तेली' झाले. घरी मराठी बोलणाऱ्या या समाजाने आपली आडनावंही गावांवरूनच घेतली: पेणकर, रोहेकर, पनवेलकर. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. म्हणूनच ही वास्तू पाहायला हवी. पण ते प्रार्थनास्थळ आहे, आधी परवानगी घेऊनच आत जावं.

गावातली तळी हे पनवेलचं खरं वैभव, असं मला वाटतं. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे ही नावं एकामागोमाग म्हणून पाहा, त्यांना आपोआप लय येते. सकाळी वडाळे तळ्याला फेरी मारावी.

मग गाढी नदीच्या उगमाकडे निघावं. माथेरानच्या डोंगरांच्या पायथ्याशी गाढेश्वरला देहरंग धरण आहे. जुन्या पनवेलचं पाणी इथलंच. एका बाजूला माथेरानची भिंत, दुसरीकडे प्रबळगड आणि त्याला लागून कलावंतीणचा सुळका! पावसाळ्यात इथे गर्दी उसळते आणि पाण्याचा अंदाज न आल्याने माणसं बुडतात. तेव्हा प्रशासनाने बंदी घातली असेल तर ती मुकाट्याने पाळावी. पाऊस सरल्यावरचे दिवस उत्तम.

गोवा महामार्गाने निघालात, तर कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. किल्ल्याभोवतीचं पक्षी अभयारण्य अवघं बारा चौरस किलोमीटरचं, तरी पक्षीनिरीक्षकांना पहाट पुरत नाही. मात्र त्याआधी शिरढोणला गाडी थांबवा. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके इथे जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. रामोशी, कोळी, भिल्ल यांना जमवून इंग्रजांविरुद्ध उठणारा हा माणूस १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात मरण पावला. कर्नाळ्याला जाणाऱ्या सहली शिरढोणवरून भरधाव निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.

आता खाडीलगत नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आहे. त्यासाठी टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. गाढी अजून आपल्या वाटेने खाडीला मिळते. तिचा काठ आजच चालून घ्यावा.