अतिदक्षता विभागातील हात

कावेरीच्या काठचे तलकाड हे गाव वाळूत गाडल्या गेलेल्या देवालयांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्यास तीव्र न्यूमोनिया होऊन श्वास अपुरा पडू लागला, म्हणजे त्यास सुमारे ४५ किलोमीटरांवरील म्हैसूर शहरी न्यावे लागते. मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात खाट मिळाली की संकट टळले, असे नातलगांस वाटते. पुष्कळ अंशी ते खरेही असते. परंतु याच खाटेवर एका निराळ्या संकटाचा संभव असतो.

निरोगी शरीरास जंतूंविरुद्ध अनेक तटबंद्या लाभलेल्या असतात. त्वचा अभंग असते, खोकल्याने कफ बाहेर पडतो, मूत्राच्या प्रवाहाबरोबर जंतू वाहून जातात. अतिदक्षता विभागात जीव वाचविण्यासाठीच या तटबंद्या भेदाव्या लागतात. श्वासनलिकेत एक नळी, मोठ्या शिरेत दुसरी, मूत्राशयात तिसरी. प्रत्येक नळी ही जशी औषधाची अथवा प्राणवायूची वाट, तशीच ती जंतूंचीही वाट होऊ शकते. २००४ ते २००७ या काळात भारतातील सात शहरांतील १२ अतिदक्षता विभागांत १०,८३५ रुग्णांची पाहणी झाली. त्यांत रुग्णालयात जडलेले ४७६ संसर्ग आढळले. कृत्रिम श्वसनाच्या दर हजार दिवसांमागे न्यूमोनियाचे प्रमाण १०.४६ होते.

हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात ते बहुधा माणसांच्या हातांवरून. रुग्णाची त्वचा, खाटेचा कठडा, यंत्राची कळ यांना स्पर्श होताच ते हातास चिकटतात. त्वचेच्या खोल थरांत कायम राहणाऱ्या जंतूंप्रमाणे ते तेथे रुजत नाहीत, म्हणून योग्य रीतीने हात स्वच्छ केल्यास सहज नाहीसे होतात.

ही गोष्ट नवी नाही. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ च्या मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये तेथील शेकडा १८ माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. तरीही त्याच्या समव्यवसायी वैद्यांपैकी अनेकांस ते पटले नाही.

आज तत्त्व सर्वांस मान्य आहे. मग हात का धुतले जात नाहीत? पुष्कळदा दोष आळसास दिला जातो, पण तो अन्यायाचा आहे. साबण व पाण्याने हात नीट धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, शिवाय मोरीपर्यंत जाणे-येणे वेगळेच. १९९७ साली दोन संशोधकांनी हिशेब मांडला. १२ कर्मचाऱ्यांनी प्रत्येक आवश्यक प्रसंगी अशा रीतीने हात धुतले, तर दिवसाच्या एका पाळीत कामाचे १६ तास त्यातच खर्ची पडतील! खाटेजवळच ठेवलेले अल्कोहोलयुक्त द्रावण चोळल्यास तीन तास पुरतात. जिनिव्हाच्या रुग्णालयांत असे द्रावण हाताशी ठेवून त्याचा प्रसार केला, तेव्हा हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील शेकडा ४८ वरून १९९७ मध्ये ६६ वर गेले, आणि संसर्गाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ पर्यंत उतरले. उपदेशाने जे साधले नाही, ते बाटलीची जागा बदलल्याने बरेचसे साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली यासाठी पाच प्रसंग ठरविले: रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, नळी घालण्यासारख्या निर्जंतुक कामापूर्वी, रक्त वा अन्य शरीरद्रवाचा संपर्क आल्यावर, रुग्णास स्पर्श केल्यावर, आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंस हात लागल्यावर. हातमोजे घातले तरी यांतून सुटका नाही, कारण मोज्यांस सूक्ष्म छिद्रे असू शकतात व ते काढताना हात दूषित होतात. भेटीस येणाऱ्या नातलगांचे हातही या नियमाबाहेर नाहीत.

अल्कोहोलची शक्ती मात्र अमर्याद नाही. हातांवर रक्त वा मळ दिसत असेल, तर ते साबण व पाण्यानेच धुवावे लागतात. तीव्र अतिसार घडविणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची बीजेही अल्कोहोलने मरत नाहीत. ती धुऊनच काढावी लागतात. म्हणूनच द्रावणाची बाटली खाटेपाशी आली, तरी विभागातील नळ आणि साबण तेथेच ठेवावे लागतात.