भाड्याचें घर, विद्यार्थी आणि घरपट्टी

नेरूळच्या एखाद्या इमारतींतील दोन खोल्यांचें घर तीन तरुणांनीं मिळून भाड्यानें घ्यावें, त्यांपैकीं दोघांनीं दिवसभर महाविद्यालयांत जावें आणि तिसऱ्यानें दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गांत शिकावें, हें दृश्य नवी मुंबईंत आतां नित्याचें झालें आहे. एके दिवशीं थकलेल्या मालमत्ता कराचें बिल दारांत येऊन पडतें आणि तिघांत वाद सुरू होतो. दोघे म्हणतात, "आम्ही पूर्ण वेळ विद्यार्थी, आम्हांस कर कसला? जो मिळवता आहे त्यानें तो भरावा." तिसरा म्हणतो, "मीहि विद्यार्थीच आहें." हा वाद कोणाच्या बाजूनें सुटावा? खरें उत्तर असें कीं, कायद्याच्या दृष्टीनें तो मुळांतच चुकीच्या ठिकाणीं सुरू झालेला असतो.

विद्यार्थ्यांस घराचा कर माफ असतो, ही समजूत पुष्कळदां इंग्लंडमध्यें शिकावयास गेलेल्या मुलांच्या हकीकतीवरून झालेली असते. तेथें १९९३ पासून चालू असलेला 'कौन्सिल टॅक्स' सामान्यतः घरांत राहणाऱ्यावर बसतो. पूर्ण वेळ विद्यार्थी त्याच्या हिशेबांत धरला जात नाहीं. मात्र त्यासाठीं अभ्यासक्रम निदान एक वर्षाचा, वर्षांतून २४ आठवड्यांचा आणि आठवड्यास सरासरी २१ तासांचा असावा लागतो. यांत न बसणाऱ्या अर्धवेळ विद्यार्थ्यास ही सवलत नाहीं. वरील तिघे तेथें राहत असते, तर बिल एकट्या तिसऱ्याच्या नांवें निघालें असतें. हिशेबांत धरण्याजोगा तो एकटाच असल्यामुळें शेंकडा २५ सूट मिळून बाकीचे शेंकडा ७५ त्यास भरावे लागले असते.

नवी मुंबईंत पायाच निराळा आहे. १ जानेवारी १९९२ रोजीं अस्तित्वांत आलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणें चालतो, आणि त्या अधिनियमांतील मालमत्ता कर हा माणसावर नसून वास्तूवर आहे. घर भाड्यानें दिलेलें असेल, तर कराची प्राथमिक जबाबदारी तें भाड्यानें देणाऱ्याची. घर रिकामें असेल, तर तें भाड्यानें देण्याचा हक्क ज्याचा आहे त्याची. असें कलम १३९ सांगतें. सिडकोनें दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें दिलेल्या भूखंडावर ज्यानें इमारत बांधली, त्या पट्टेदारावर ही जबाबदारी येते, जमिनीच्या मूळ धन्यावर नव्हे. आंत राहणारा शिकतो कीं नोकरी करतो, पूर्ण वेळ शिकतो कीं अर्धवेळ, हा प्रश्न कायदा विचारीतच नाहीं.

मग भाडेकरू सर्वस्वीं निर्धास्त आहे काय? तसेंहि नाहीं. मालकास रीतसर बिल बजावूनहि कर थकला, तर कलम १४० प्रमाणें आयुक्तांस प्रत्यक्ष राहणाऱ्यावर बिल बजावतां येतें. राहणारे अनेक असल्यास प्रत्येकानें ज्या प्रमाणांत भाडें द्यावयाचें, त्याच प्रमाणांत रकमेची वांटणी होते. समजा, थकबाकी १०,००० रुपये आहे आणि तिघे दरमहा अनुक्रमें ८,०००, ६,००० व ६,००० रुपये भाडें देतात. तर त्यांचे वांटे ४,०००, ३,००० व ३,००० रुपये होतील. येथेंहि मोजमाप भाड्याचें, विद्यार्थिपणाचें नव्हे.

परंतु याच कलमांत राहणाऱ्यास तीन मोठे आधार दिले आहेत. एक वर्षाहून जुनी थकबाकी त्याच्याकडून वसूल करतां येत नाहीं. ज्या काळांत तो त्या घरांत राहतच नव्हता, त्या काळाचा करहि त्याच्यावर लादतां येत नाहीं. आणि त्यानें जें कांहीं भरलें असेल, तें मालकाच्या हिशेबांत त्याच्या जमेस धरावें लागतें. म्हणजे पावती जपून ठेवल्यास ती रक्कम पुढील भाड्यांत वळती करून मागण्याचा त्यास हक्क आहे.

जूनमध्यें राहावयास आलेल्या मुलावर मागील चार वर्षांची बाकी दाखविली गेली, तर भयभीत होऊन अनामत रकमेवर पाणी सोडण्याचें किंवा घर सोडून जाण्याचें कारण नाहीं. त्यानें करारनामा पुढें करावा. राहण्यास कधीं आलों, याचा तोच पुरावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणें असा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याचें काम घरमालकाचें आहे. मालमत्ता कर कोणी द्यावा हें करारांत स्पष्ट लिहिलेलें असावें. 'सर्व कर राहणाऱ्याकडे' असें मोघम वाक्य त्यांत असेल, तर सही करण्यापूर्वींच तें वाचावें. कारण मालक व भाडेकरू यांच्यापुरतें तें बंधनकारक ठरूं शकतें.

दोन गोष्टींची या कराशीं गल्लत होऊं नये. घर भाड्यानें दिल्याबद्दल गृहनिर्माण संस्था जें बिनभोगवटा शुल्क घेते, तें सभासदाकडून घ्यावयाचें असतें. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशानें त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या शेंकडा १० इतकी ठरविली आहे. दुसरा व्यवसाय कर. तो मिळवत्या माणसावर बसतो, पगारांतून कापला जातो आणि राज्यघटनेप्रमाणें वर्षास २,५०० रुपयांहून अधिक असूं शकत नाहीं. त्या तिसऱ्या तरुणाच्या नोकरीचा करांशीं संबंध येतो तो येथें, घरपट्टीशीं नाहीं.

घर घेतांना चालू वर्षाच्या कराची पावती मालकाकडून पाहून घ्यावी. हा कर १ एप्रिल व १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांनीं आगाऊ देय होतो, इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे ती मागणें सोपें जातें. एवढी पांच मिनिटांची चौकशी आधीं केली, तर परीक्षेच्या तोंडावर एका छपराखालीं राहणाऱ्या तीन मित्रांस एकमेकांचे हिशेब काढीत बसण्याचा प्रसंग येणार नाहीं.