ग्रंथालयातला शनिवारचा तास

गेल्या सत्रात सातवीतल्या एका कॅडेटने मला विचारले, "सर, आम्हाला मोबाइल ठेवू देत नाहीत. मग तुम्ही तिघे शनिवारी दार लावून मोबाइलच काय बघत बसता?" प्रश्न रास्त होता. तेवढ्यात फॉल-इनची शिट्टी झाली आणि त्याला अर्धेच उत्तर मिळाले. उरलेले इथे देतो. पालकांपैकीही कुणाला ते हवे असेल.

त्या तासाला आम्ही शिकत असतो. आम्ही तिघे म्हणजे मी, सहायक ग्रंथपाल मॅडम आणि सैन्यातून निवृत्त होऊन इथे आलेले, देवघेवीचे टेबल सांभाळणारे हवालदारसाहेब. मी ग्रंथालयशास्त्र शिकलो तेव्हा तालिका लाकडी खणांतल्या कार्डांवर असे. पुढे संगणक आला, तेव्हा आम्हाला दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवले गेले. पडद्यावर स्लाइड सरकत होत्या, आम्ही वहीत उतरवून घेत होतो. प्रमाणपत्र मिळाले. परत येऊन संगणकासमोर बसलो तर वहीतले काही उपयोगी पडेना. "हत्यार खोलून-जोडून कळतं सर, लेक्चर ऐकून नाही," हवालदारसाहेब म्हणाले.

हेच सूत्र अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाने आमच्या कितीतरी आधी वापरले होते. २००६ साली नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लॉवर्स या तंत्रज्ञान विभाग पाहणाऱ्या बाईंनी सर्व कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या कामांची एक यादी केली. स्वतःचा ब्लॉग उघडा, फ्लिकरवर फोटो शोधा, विकीच्या पानात भर घाला, लायब्ररीथिंगवर आपली काही पुस्तके नोंदवा, अशी ती कामे. मुदत नऊ आठवडे. वर्ग नाही, परीक्षा नाही. ज्याने त्याने आपल्या गतीने करायचे, अडले तर शेजारच्याला विचारायचे. सगळी कामे पुरी करणाऱ्याला एमपी३ प्लेअर बक्षीस. पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी ही यादी आपापल्या सोयीने बदलून घेतली. त्या काळची काही साधने आता राहिलेली नाहीत. बातम्या एकत्र वाचण्याचे गूगल रीडर २०१३ मध्येच बंद झाले. पण नवे बटण दिसले की दाबून बघायची भीती एकदा गेली, की साधन बदलल्याने फारसे बिघडत नाही.

आम्ही आमची बारा कामांची यादी केली. प्राचार्यांनी शनिवारची पाऊण तासाची वेळ कामाचा भाग म्हणून मंजूर केली, हे महत्त्वाचे. घरी जाऊन शिका असे सांगितले असते तर कुणीच शिकले नसते, मीसुद्धा.

पहिले काम साधे होते. पुस्तकाच्या मागचा बारकोड मोबाइलने टिपायचा आणि त्यातल्या आयएसबीएन क्रमांकावरून पुस्तकाची तयार नोंद मागवायची. आम्ही 'कोहा' ही संगणक प्रणाली वापरतो. ती न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली, २००० साली वापरात आली आणि सर्वांना मोफत आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. इंग्रजी पुस्तकाचा क्रमांक दिला की दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाने केलेली नोंद बहुधा क्षणात येते. मराठीच्या कपाटापाशी मात्र गाडी अडली. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनच नाही आणि ज्यांवर आहे त्यांची नोंद कुणी केलेली सापडत नाही. ती हाताने टंकावी लागते.

तिथेच आमची एक जुनी चूक उघडी पडली. खांडेकरांच्या कादंबरीवर नाव 'ययाति' असे छापलेले आहे. आजचा विद्यार्थी 'ययाती' लिहून शोधतो. आमच्या नोंदीत तर ते रोमन लिपीत होते. म्हणजे पुस्तक कपाटात, शोधणारा समोर आणि संगणक सांगतो, 'आढळले नाही'. मॅडमनी आता अशा पुस्तकांच्या नोंदीत दोन्ही लेखने घातली आहेत. वाचकाचा वेळ वाचवणे हा रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांतला एक दंडक. त्याची परीक्षा एका वेलांटीवर होईल असे मला वाटले नव्हते.

आता कॅडेटच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्याकडे फोन नाही, मग समाजमाध्यम कुणासाठी? पालकांसाठी. नव्या पुस्तकांची यादी आम्ही दर पंधरवड्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो. रविवारच्या फोनवर "जेवलास का, बरा आहेस ना" याच्यापुढे बोलायला त्यामुळे एक विषय मिळतो, असे काही पालकांनी सांगितले. काही जण आणखी एक मागणी करतात : "आमचा मुलगा काय वाचतो, तेवढं कळवत जा." त्यांना माझे उत्तर एकच असते, त्यालाच विचारा. कुणी कोणते पुस्तक नेले ही नोंद देवघेवीसाठी असते, प्रसिद्धीसाठी नाही.

हे शहाणपण उशिरा आले, हे कबूल करतो. सुरुवातीला मी नव्या पुस्तकांचा एक फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. पुस्तके छान दिसत होती. त्यांच्या मागे भिंतीवर सुट्टीला जाणाऱ्या कॅडेटांची यादी लावलेली होती : नाव, गाडी, डबा, पालकांचा फोन नंबर. संध्याकाळी एका आईचा फोन आला, "सर, मोठं करून पाहिलं तर माझा नंबर वाचता येतोय." फोटो लगेच सर्वांसाठी हटवला, पण ज्याने तो आधीच उतरवून ठेवला असेल त्याच्याकडून तो परत येत नाही. लष्करी शिस्तीच्या शाळेत मुले कोणत्या गाडीने कुठे चालली आहेत हे मीच जाहीर केले होते. त्याच रात्री प्राचार्यांना लेखी कळवले. हवालदारसाहेब रागावले नाहीत. म्हणाले, "फायरिंग रेंजवर टार्गेटच्या मागं काय आहे ते आधी बघतात."

त्यानंतरचे तीन शनिवार याच विषयात गेले. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची माहिती लपलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, चॅनेलमध्ये तो इतर सदस्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही ग्रुप बंद करून चॅनेल सुरू केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे. आमच्या पोस्टवर आता फक्त पुस्तके असतात. चेहरे नाहीत, नावपट्ट्या नाहीत. फोटो एकाने काढायचा, दुसऱ्याने तपासायचा, मगच टाकायचा. तपासण्याचे काम हवालदारसाहेबांकडे आहे आणि माझे निम्मे फोटो ते परत करतात.

कॅडेटांसाठी संगणक कक्षात राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची सोय केली आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या या संग्रहात शालेय पुस्तकांपासून जुन्या प्रश्नपत्रिकांपर्यंत बरेच काही मिळते. कसे शोधायचे ते मॅडम इव्हिनिंग प्रेपच्या आधी दाखवतात. येताना विषय ठरवून या, नाहीतर सगळा वेळ भटकण्यात जातो.

बारापैकी नऊ कामे झाली आहेत. दहावे आहे पॉडकास्ट : एका पुस्तकाची पाच मिनिटांची ओळख, आमच्याच आवाजात. ती कोण करणार यावर एकमत झाले नाही म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी हवालदारसाहेबांची निघाली. आता ते रोज दुपारी कपाटामागे उभे राहून मोठ्याने वाचण्याचा सराव करतात. तेवढ्यापुरती 'शांतता राखा' ही पाटी आम्ही उलटी करून ठेवतो.