तुकडा एकदा, रक्त पुन्हा पुन्हा

कॅन्सरचा संशय आला की गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. आजाराचं नाव त्या तुकड्यातूनच ठरतं. पण उपचार सुरू झाल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी उठणारा प्रश्न वेगळा असतो: औषध लागू पडतंय का? त्यासाठी दर वेळी तुकडा काढता येत नाही. रक्त मात्र पुन्हा पुन्हा काढता येतं. रक्तातून गाठीचा माग काढणाऱ्या तपासणीचं, म्हणजे लिक्विड बायोप्सीचं खरं मोल इथे आहे.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. बी. आर. आंबेडकर इन्स्टिट्यूट रोटरी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. मयांक सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पडताळून पाहिला. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्राथमिक अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या ६० रुग्ण स्त्रिया आणि १० निरोगी स्त्रिया होत्या. पेशींबाहेर मोकळ्या फिरणाऱ्या डीएनएचं सरासरी प्रमाण रुग्णांमध्ये दर मायक्रोलीटरला ९.३५ नॅनोग्रॅम भरलं. तीन महिन्यांच्या उपचारांनंतर ते ७ वर आलं. निरोगी स्त्रियांमध्ये ते ६.९५ होतं.

हे डीएनए रक्तात येतं कुठून? शरीरातल्या पेशी सतत मरत असतात आणि मरताना आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडतात. गाठीतल्या पेशीही तेच करतात. हे तुकडे फार टिकत नाहीत; साधारण दोन तासांत त्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे आज काढलेलं रक्त आजच्या गाठीची खबर देतं. अडचण एवढीच की निरोगी पेशींचे तुकडे संख्येने कितीतरी जास्त असतात, आणि त्यांच्या गर्दीत गाठीचा तुकडा अनेकदा हजारात एखादाच सापडतो, कधी तेवढाही नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हा शोध थोडा सोपा होतो. जवळपास सर्वच रुग्णांमध्ये या आजारामागे एचपीव्ही विषाणू असतो आणि जगभरातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार. विषाणूचा डीएनए मुळात शरीराचा नसल्याने तो वेगळा ओळखता येतो. एम्सच्या चमूने ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर या अतिसंवेदनशील तंत्राने तोच शोधला. भारतात २०२२मध्ये या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रिया दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रक्तातल्या डीएनएची तपासणी आता नेहमीच्या उपचारांत आली आहे. छातीत सुई घालून तुकडा काढताना फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा धोका असतो, आणि मिळालेला तुकडा कधी जनुकीय तपासणीला पुरत नाही. ईजीएफआर जनुकातल्या बदलावर गोळ्या देता येतात. पण जेफिटिनिबसारख्या आधीच्या गोळ्या काही महिन्यांनी निष्प्रभ होतात. अशा जवळपास निम्म्या रुग्णांत टी७९०एम नावाचा नवा बदल झालेला असतो. तो रक्तात सापडला तर ओसिमर्टिनिब ही पुढची गोळी देता येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१६मध्ये मान्यता दिलेली अशी पहिली रक्तचाचणी ईजीएफआरचीच होती.

दिल्लीत या सोयीला आणखी एक अर्थ आहे. एम्समध्ये आणि हरियाणातल्या झज्जरच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत उत्तर प्रदेश-बिहारपासूनचे रुग्ण येतात. झज्जरला नातेवाइकांसाठी ८०६ खाटांचं विश्राम सदन उभारावं लागलं, यावरूनच या वर्दळीची कल्पना येते. पेशी फुटू न देणाऱ्या खास नळीत रक्त काही दिवस टिकतं. म्हणजे काही तपासण्यांपुरता रुग्ण गावाकडेच राहू शकतो, प्रवास नळी करील. रोजंदारी बुडवून रेल्वेने येणाऱ्या कुटुंबासाठी हे फार मोठं आहे.

मात्र ‘रक्ताच्या थेंबात कॅन्सर कळतो’ या जाहिरातींपासून सावध राहायला हवं. लहान गाठ रक्तात फार थोडा डीएनए सोडते, म्हणून अहवाल कोरा आला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. उलट, वयानुसार पांढऱ्या पेशींत होणारे बदल गाठीचे समजले जाऊ शकतात. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीला अमेरिकेने २०२१मध्ये ‘ब्रेकथ्रू डिव्हाइस’ हा दर्जा दिला. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण हा दर्जा म्हणजे पुढच्या परीक्षणाला मिळणारी गती, अंतिम मान्यता नव्हे.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२५मध्ये फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरच्या ठरावीक रुग्णांसाठी रक्तातल्या डीएनएची तपासणी देशभर सुरू केली. भारतात अनेक जनुकं एकाच वेळी पाहणारी अशी तपासणी अजून बहुतेकांना खिशातून करावी लागते आणि तिला हजारो रुपये पडतात. म्हणूनच ६० स्त्रियांवरचा एम्सचा अभ्यास शेकडो स्त्रियांवर, दिल्लीबाहेरच्या सरकारी रुग्णालयांतही व्हायला हवा. प्रश्न एचपीव्हीच्या एक-दोन प्रकारांपुरता असल्याने ही चाचणी बड्या जनुकीय तपासणीपेक्षा स्वस्तात बसवता येईल. शिवाय आजार परततो आहे हे स्कॅनच्या आधी कळतं का, आणि ते आधी कळल्याने बाई जास्त जगते का, याची उत्तरं त्याच अभ्यासातून मिळतील.