ठोकला तरी न वाजणारा धातू

देवळातली घंटा ज्या कांशाची ओततात, त्यात तांब्याच्या जोडीला साधारण पाचवा हिस्सा कथील असतं. त्या धातूत शिरलेलं कंपन सहजासहजी मरत नाही, म्हणून टोल दिल्यावर नाद रेंगाळतो. शुद्ध मॅग्नेशियमच्या ओतीव कांडीवर तसाच टोला हाणला, तर ‘ठक्’ होतं आणि विषय संपतो. घनसेंटिमीटरला जेमतेम १.७४ ग्रॅम भरणारा, ॲल्युमिनियमहूनही हलका असा हा धातू खरं तर थरथरत राहायला हवा.  पण मॅग्नेशियम वजनाच्या जोरावर गप्प बसत नाही. त्याचं कारण स्फटिकात आहे.

एका हेलकाव्यात साठलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा उष्णता होऊन जाते, हे कंपनशमनाचं माप. सहा टक्क्यांच्या वर गेलेला धातू ‘उच्च शमनाचा’ गणला जातो. हेलकावे मोठे असतील, तर शुद्ध मॅग्नेशियमचा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास सांगतात.

मॅग्नेशियमचे अणू षट्कोनी थरांत रचलेले असतात. थरावर थर, एकाआड एक थर सारखा. या रचनेची उंची आणि रुंदी यांचं गुणोत्तर १.६२४, म्हणजे गोळ्यांच्या आदर्श रचनेतल्या १.६३३ च्या अगदी जवळ. थर एकमेकांवरून सरकायला अर्धा मेगापास्कल इतका क्षुल्लक ताणही पुरतो. दुसऱ्या, उभ्या प्रतलांवर सरकायचं तर चाळीसेक मेगापास्कल लागतात. सरकणं म्हणजे अख्खा थर एकदम हलणं नव्हे. अणूंची रांग जिथे चुकलेली असते, ती रेषा (डिस्लोकेशन) थरातून पुढे जाते आणि तिच्यामागे सरक पूर्ण होत जाते.

१९५६ मध्ये अँड्र्यू ग्रॅनाटो आणि कुर्ट ल्यूके यांनी ही रेषा ताणलेल्या तारेसारखी मानून गणित मांडलं. तार काही ठिकाणी घट्ट बांधलेली असते आणि मध्ये मध्ये परक्या अणूंनी नुसती अडकवलेली असते. हेलकावा लहान असेल, तर ती दोन अडकणींच्या मध्ये थोडी फुगते आणि परत येते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला, की एक अडकण सुटते, पाठोपाठ बाकीच्या सुटतात आणि तार एकदम लांब झेप घेते. ताण उतरताना ती ज्या वाटेने गेली त्या वाटेने परतत नाही. जाण्या-येण्याच्या वाटांमधला फरक म्हणजे गेलेली ऊर्जा. म्हणूनच हस्तपुस्तिकेत मॅग्नेशियमच्या शमनाचा एकच आकडा छापलेला दिसला, की मी तो संशयाने वाचतो. किती मोठ्या हेलकाव्याला, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

खरी गोची इथेच आहे. तार मोकळी असेल तर शमन भरपूर, पण धातू मऊ. मजबुती हवी म्हणून परके अणू घालावेत, तर तेच अणू तारेला जखडतात. सर्वाधिक वापरातल्या एझेड-९१ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत सुमारे नऊ टक्के ॲल्युमिनियम असतं. ओतकामाला ते उत्तम, पण शमन शुद्ध धातूच्या तुलनेत बरंच उतरतं. के-१-ए या मिश्रधातूने वेगळा मार्ग धरला. त्यात टक्क्याहून कमी झिर्कोनियम. झिर्कोनियमची रचनाही षट्कोनी, अणूंमधलं अंतरही जवळपास मॅग्नेशियमइतकंच. त्यामुळे त्याच्या कणांभोवती नवे स्फटिक सहज रुजतात आणि दाणा बारीक होतो. विरघळून तारा जखडायला मात्र ते फारसं उरत नाही. निकेल किंवा सिलिकॉन घालण्यामागेही हीच युक्ती आहे: हे अणू मॅग्नेशियमच्या स्फटिकात जवळजवळ विरघळतच नाहीत, वेगळी कठीण संयुगं बनवून बाजूला बसतात.

दिशेचा प्रश्न कारखान्यात जास्त त्रास देतो. पत्रा लाटला की बहुतेक दाण्यांचे थर पत्र्याला समांतर निजतात. मग पत्र्याच्या प्रतलात ताण दिला, तर थरांना सरकायला जोरच मिळत नाही. थर ताणाशी ४५ अंशांत असतील तेव्हा तो सर्वाधिक. सुगिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जपानमध्ये एकस्फटिकी मॅग्नेशियमवर शमनाचा आणि स्फटिकाच्या दिशेचा हा संबंध तपासला. लाटलेल्या पत्र्याकडून ओतीव धातूसारख्या शमनाची अपेक्षा ठेवणं म्हणूनच जोखमीचं. शमनाची आणखी एक वाट जुळ्या स्फटिकांची: ताणाखाली दाण्याचा एक पट्टा ८६ अंशांनी वळतो आणि ताण गेला की अंशतः मागे फिरतो. तीही ऊर्जा खाते, पण मोठ्या ताणालाच.

आता या सगळ्याला छेद देणारं उदाहरण. सॅटर्न-५ अग्निबाणाला वाट दाखवणाऱ्या संगणकाची चौकट एलए-१४१ या मिश्रधातूची होती: हलकी, ताठ आणि कंपन शमवणारी. यात चौदा टक्के लिथियम. लिथियम अकरा टक्क्यांच्या वर गेलं, की मॅग्नेशियमची षट्कोनी रचनाच मोडते आणि अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी बसतात. तरीही शमन होतं, कारण कंपन खाणारी हलती रेषा असते. षट्कोनी थर तिला फक्त एक फार सोपी वाट देतात. घनाकार रचनेत वाटा जास्त, त्यामुळे हा धातू थंड असतानाही चांगला वाकतो. षट्कोनी मॅग्नेशियमला तिथे तडा जातो: आकार बदलायला पाच स्वतंत्र सरकी लागतात आणि समांतर थर त्यातल्या दोनच देतात. लिथियमची किंमत मात्र वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागते. हवेशी त्याचं जमत नाही, त्यामुळे हा मिश्रधातू आरगॉनच्या आवरणात वितळवतात आणि तयार भागावर संरक्षक लेप द्यावा लागतो.