चार कलमे आणि एक बाटली

कोविडनंतर लोकांचा वैद्यकावरचा विश्वास उडाला, असे सहज म्हटले जाते. प्लेगकाळातले कागद वाचताना मला दिसते ते थोडे वेगळे आहे. लोक लस जोखण्याआधी ती घेऊन येणाऱ्याला जोखतात.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. पहिल्यात नाव, दुसऱ्यात सरकारचे अधिकार, तिसऱ्यात जनतेला शिक्षा, चौथ्यात अधिकाऱ्यांना संरक्षण. रुग्णाच्या हक्काचे कलम नाहीच. त्याच्या बळावर पुण्यात गोरे सोजीर घरांत शिरले. पुढे २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्च १८९८मध्ये मुंबईत दंगल झाली.

याच काळात वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमक्ष टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. हुकमाने जे साधले नाही, ते आपल्या माणसाच्या दंडाने साधले.

पण मिळवलेला विश्वास टिकवावाही लागतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला; त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे चौकशीत नोंदले गेले होते. तरी अहवाल जाहीर व्हायला चार वर्षे लागली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर १९०७मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. १९२५मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले.

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी हाच १८९७चा कायदा लागू केला. त्याच वर्षी तो दुरुस्त झाला, तो आरोग्यसेवकांना हिंसेपासून संरक्षण देण्यासाठी. ते हवेच होते. पण रुग्णाला माहिती मागण्याचा, दुष्परिणामाची वेळेत चौकशी आणि भरपाई मिळण्याचा हक्क त्या कायद्यात तेव्हाही आला नाही. लोकांनी विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर पाचवे कलम तिथून सुरू व्हायला हवे.