व्हिसा झाला, पण अरायव्हल कार्ड भरले का? परदेशी निघण्यापूर्वीच्या तीन दिवसांत हे विसरू नका

चेंबूरहून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता धरला की सहारचे टी-टू टर्मिनल फार लांब नाही. तिकीट, हॉटेल, व्हिसा सगळे तयार असते. तरीही थायलंड, सिंगापूर किंवा मलेशियाला निघालेल्या कुटुंबाची एका कारणाने ऐनवेळी धावपळ होऊ शकते. ते म्हणजे न भरलेले डिजिटल अरायव्हल कार्ड.

व्हिसा आणि अरायव्हल कार्ड वेगळे कसे?

व्हिसा ही त्या देशात येण्याची परवानगी. अरायव्हल कार्ड ही फक्त माहिती : पासपोर्ट क्रमांक, विमान, मुक्कामाचा पत्ता. पूर्वी विमानात हातात पडणारा कागदी फॉर्म आता मोबाइलवर आला आहे. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा आणि कार्ड दोन्ही लागतात. मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत व्हिसातून सूट दिली आहे, पण कार्ड भरावेच लागते. थायलंडने १ मे २०२५ पासून ते सक्तीचे केले.

कधी भरायचे?

व्हिसासाठी महिनाभर आधी धावपळ करणारे इथेच चुकतात. तिन्ही देशांचे कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. सिंगापूरमध्ये पोहोचण्याचा दिवसही त्यात धरतात. म्हणजे २० तारखेला उतरणार असाल, तर १८ पासून.

तारीख कोणती टाकायची?

मुंबईहून रात्री उशिरा सुटणारे विमान तिथे दुसऱ्या दिवशी उतरते. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास, तर सिंगापूर-मलेशियाचे अडीच तास पुढे आहे. त्यामुळे निघण्याची नव्हे, तिथे पोहोचण्याची स्थानिक तारीख टाका. नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहा. लहान मुलांचीही माहिती भरावी लागते.

पैसे किती लागतात?

एक रुपयाही नाही. तिन्ही कार्डे मोफत आहेत. मात्र गुगलवर शोधल्यास सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळेही दिसतात आणि ती 'सेवाशुल्क' मागतात. पैशांपेक्षा मोठा धोका म्हणजे घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट तपशील अनोळखी हातात जातात. म्हणून पत्त्याचा शेवट पाहा : थायलंडसाठी 'जीओ.टीएच', सिंगापूरसाठी 'जीओव्ही.एसजी', मलेशियासाठी 'जीओव्ही.एमवाय'.

परदेशातून पाहुणे येणार असतील तर?

भारतानेही १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी ई-अरायव्हल कार्ड सुरू केले आहे. भारतीय पासपोर्टवर परतणाऱ्यांना ते भरावे लागत नाही.

निघण्यापूर्वी हे करा

- कार्ड भरल्यावर आलेला ई-मेल उघडून नाव आणि पासपोर्ट क्रमांक पुन्हा तपासा.
- त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. उतरल्यावर इंटरनेट मिळेलच असे नाही.
- आई-बाबा एकटे प्रवास करणार असतील, तर एक प्रिंट त्यांच्या पासपोर्टसोबत ठेवा.
- नियम बदलत असतात. तिकीट काढताना आणि निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ पुन्हा पाहा.